शुक्राच्या वातावरणाचा वेध : 'अकात्सुकी' यानाचा पाठ

(वरिष्ठ प्राथमिक इयत्तांतील सामान्य विज्ञान व अंकगणित या विषयांच्या अध्यापनासाठी)

पाठाचे प्रयोजन

पहाटे गोठ्यातील गुरे उठण्याच्या सुमारास, किंवा काही महिने दिवेलागणीच्या वेळी, आकाशात जी ठळक ज्योत दिसते तिला खेड्यातील प्रत्येक मूल शुक्राची चांदणी म्हणून ओळखते. ही चांदणी नसून आकाराने जवळजवळ पृथ्वीएवढा ग्रह आहे, इतके पाठ्यपुस्तकातून सांगितले जाते. तथापि त्या ग्रहावरची हवा कशी आहे, ती कोणत्या वेगाने वाहते, आणि येथे बसलेल्या मनुष्यास हे कळले कसे, हे प्रश्न वर्गात बहुधा अनुत्तरित राहतात. 'कसे कळले' हा प्रश्न सुटल्यावाचून विज्ञानाची माहिती केवळ पाठांतर होऊन बसते.

प्रस्तुत पाठासाठी जपानच्या 'अकात्सुकी' या यानाची निवड केली आहे. 'अकात्सुकी' या जपानी शब्दाचा अर्थ पहाट असा होतो. निवडीची कारणे दोन. पहिले असे की, या यानाने शुक्राच्या हवेचा अभ्यास ज्या रीतींनी केला, त्यांचे मूळ तत्त्व वाटी, नाणे, फुगा व ओढ्याचे पाणी एवढ्या साहित्यावर दाखविता येते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. हे यान पहिल्या प्रयत्नात अयशस्वी ठरले होते. विज्ञानाच्या पाठांत यशाच्याच कथा येत असल्यामुळे, ज्याचे उत्तर प्रथम चुकते ते काम आपले नव्हे, असा समज मुलांच्या मनात नकळत दृढ होतो. गणित चुकताच वही मिटून घेणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. त्यांच्यासाठी हा पाठ विशेषतः योजावा.

पूर्वतयारी व साहित्य

साहित्य : एक खोल वाटी, एक नाणे, तांब्याभर पाणी, एक फुगा, सेकंदकाटा असलेले घड्याळ, खडू व दोरी. शाळेजवळ वाहता ओढा अगर पाण्याचा पाट असल्यास पाठाचा एक भाग तेथे घ्यावा.

पाठापूर्वी शिक्षकाने पंचांगात शुक्राचा उदय व अस्त पाहून ठेवावा. शुक्राचा अस्त चालू असेल तर तो ग्रह सूर्याच्या तेजात लपलेला असतो आणि दिसत नाही. तो दर्शनी असेल अशा काळात पाठ घेतल्यास मुलांना प्रत्यक्ष पाहण्यास सांगता येते. मात्र दिवसा सूर्याच्या आसपास शुक्र शोधण्याचा प्रयत्न कोणीही करू नये, अशी सक्त सूचना द्यावी. त्यामुळे डोळ्यांस कायमची इजा होऊ शकते.

प्रस्तावना

पुढील प्रश्नांनी मुलांचे पूर्वज्ञान जागृत करावे.

१. शुक्राची चांदणी पहाटे पूर्वेस किंवा सायंकाळी पश्चिमेस दिसते; मध्यरात्री डोक्यावर का दिसत नाही?
२. चुलीवरचा तवा तापला आहे हे त्यास हात न लावता कसे कळते?
३. वारा डोळ्यांना दिसत नाही. मग तो किती जोराने वाहतो हे कशावरून ओळखता येईल?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, शुक्राची सूर्याभोवतीची वाट पृथ्वीच्या वाटेच्या आत असल्याने तो सूर्यापासून आकाशात फार दूर जात नाही. दुसऱ्या व तिसऱ्या प्रश्नांची उत्तरे मुले स्वानुभवाने देतील. आच दुरूनच लागते. आणि धूर, धूळ, पाने अथवा ढग यांच्या गतीवरून वारा मोजता येतो. या दोन उत्तरांच्या आधारेच यानाचे बहुतेक कार्य समजावता येते. म्हणून ती फळ्याच्या एका कोपऱ्यात लिहून ठेवावीत.

विषयविवेचन

(१) समान आकार, भिन्न हवा

शुक्राचा व्यास सुमारे १२,१०० किलोमीटर, तर पृथ्वीचा सुमारे १२,७५० किलोमीटर आहे. आकाराने ही दोन भावंडे शोभतात. परंतु शुक्राच्या पृष्ठभागावर सुमारे ४६० अंश सेंटिग्रेड उष्णता आहे. शिसे तेथे वितळून वाहू लागेल. हवेचा दाब पृथ्वीवरील दाबाच्या सुमारे ९२ पट आहे. समुद्रात नऊशे मीटर खोल गेल्यास पाण्याचा जो भार जाणवेल, तितका भार तेथे केवळ हवेचा आहे. त्या हवेत सुमारे ९६.५ टक्के कर्बद्विप्राणिद म्हणजे कार्बन डायॉक्साइड वायू असून उरलेला भाग मुख्यतः नायट्रोजनचा आहे. जमिनीपासून स्थूलमानाने ४८ ते ७० किलोमीटर उंचीवर ढगांचे अखंड आच्छादन आहे. हे ढग पाण्याचे नसून तीव्र गंधकाम्लाच्या थेंबांचे आहेत.

शुक्र इतका तप्त का, असे विचारताच 'तो सूर्याजवळ आहे म्हणून' असे उत्तर मुले देतील. येथे शिक्षकाने घाई करू नये. बुध शुक्रापेक्षाही सूर्याच्या जवळ आहे. तरी शुक्राचा पृष्ठभाग बुधाहून तप्त आहे. शिवाय शुक्रावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशापैकी सुमारे तीनचतुर्थांश प्रकाश ढग परतवून लावतात. म्हणजे जमिनीकडे पोचणारी उष्णता थोडी, पण आत आलेली उष्णता बाहेर निसटणे कठीण. कार्बन डायॉक्साइडचा दाट थर ढगांसह तिला कोंडून धरतो. सारांश, ग्रहाचे भवितव्य सूर्यापासूनच्या अंतरावर जितके अवलंबून असते तितकेच त्याच्या हवेवरही असते. शुक्राच्या हवेचा अभ्यास करण्याचे मोल यात आहे.

(२) वाऱ्याचे कोडे

शुक्र स्वतःभोवती अत्यंत मंद गतीने फिरतो. एका फेरीस त्याला २४३ दिवस लागतात, आणि तो पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणजे पृथ्वीच्या उलट दिशेने फिरतो. १९५७ साली फ्रान्सचे शार्ल बॉय्ये यांनी आफ्रिकेतील ब्राझाव्हिल येथून लहान दुर्बिणीने शुक्राची छायाचित्रे घेतली. ते व्यवसायाने न्यायाधीश होते. आकाशनिरीक्षण हा त्यांचा छंद. ढगांवरील काळसर खुणा सुमारे चार दिवसांनी पुन्हा त्याच जागी येतात, असे त्यांच्या ध्यानी आले. पुढे अवकाशयानांनी ही गोष्ट खरी ठरविली.

या ठिकाणी फळ्यावर पुढील हिशेब मुलांकडून करवून घ्यावा.

जमिनीचा वेग : विषुववृत्ताचा घेर सुमारे ३८,००० किलोमीटर; वेळ २४३ × २४ = ५,८३२ तास. भागाकार सुमारे साडेसहा. म्हणजे तासास साडेसहा किलोमीटर, जवळजवळ भरभर चालणाऱ्या माणसाइतका वेग.

ढगांचा वेग : ढगांच्या उंचीवरील घेर सुमारे ३८,४०० किलोमीटर; वेळ ४ × २४ = ९६ तास. भागाकार ४००. म्हणजे तासास चारशे किलोमीटर.

प्रात्यक्षिक १. अंगणात साठ पावलांच्या घेराचे वर्तुळ दोरीने आखावे. एक मूल 'जमीन' व दुसरे 'ढग' व्हावे. 'जमीन' एक पाऊल टाकील तेवढ्या अवधीत 'ढगा'ने त्याच दिशेने पूर्ण फेरी धावावी. दोन-तीन फेऱ्यांतच धावणाऱ्यास धाप लागेल, आणि जमिनीहून साठपट वेगाने धावणारी हवा म्हणजे काय, हे साऱ्या वर्गास कळेल.

यातून खरा प्रश्न उभा राहतो. फिरवून सोडलेला भोवरा घर्षणाने थांबतो. शुक्राची मंद जमीन हवेला सतत मागे ओढीत असली पाहिजे. मग हा वेग टिकतो कसा? अकात्सुकी यान मुख्यत्वे याच प्रश्नाच्या शोधासाठी पाठविण्यात आले.

(३) यान व त्याचे नेत्र

जपानच्या 'जाक्सा' या अवकाश संशोधन संस्थेने २१ मे २०१० रोजी तानेगाशिमा बेटावरून हे यान सोडले. मोहिमेचे प्रमुख मासातो नाकामुरा हे होते. इंधनासह यानाचे वजन सुमारे ५०० किलोग्रॅम, म्हणजे एका भरदार बैलाएवढे होते. त्यावर पाच कॅमेरे बसविले होते. शुक्राची हवा कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे थरांची आहे असे मानले, तर निरनिराळे कॅमेरे निरनिराळा पापुद्रा पाहतात, असे मुलांस सांगावे.

अतिनील किरणांचा कॅमेरा ढगांच्या माथ्यावरील खुणा टिपतो. डोळ्यांना शुक्र पांढरा व एकसारखा दिसतो. अतिनील किरणांत मात्र त्यावर पट्टे दिसतात. अवरक्त, म्हणजे उष्णतेच्या जातीच्या किरणांचे दोन कॅमेरे खालचा थर पाहण्यासाठी होते. रात्रीच्या बाजूस खालच्या तप्त हवेची आच वर येते आणि दाट ढग तिच्यापुढे काळे दिसतात. कंदिलापुढे धोतर धरले असता जेथे वीण दाट तेथे ते काळसर दिसते, तसाच हा प्रकार. चौथा कॅमेरा ढगांच्या माथ्याची उष्णता रात्रंदिवस मोजीत असे. तव्याची आच दुरून ओळखणारा हात तो हाच. पाचवा कॅमेरा विजेचा लखलखाट व रात्रीच्या हवेतील मंद प्रभा शोधण्यासाठी होता.

या पाचांव्यतिरिक्त आणखी एक साधन होते, ते म्हणजे यानाचा रेडिओ. यान शुक्राच्या आड जाताना व बाहेर येताना त्याच्या रेडिओलहरी शुक्राच्या हवेतून येतात आणि किंचित वाकतात. त्या किती वाकल्या यावरून निरनिराळ्या उंचीवरील हवेची दाटी, दाब व उष्णता काढता येते. या लहरी जपानमधील उसुदा येथील अँटेनाप्रमाणेच बंगळूरजवळच्या ब्यालालू येथील भारतीय अँटेनानेही ग्रहण केल्या. शुक्राच्या हवेच्या या मोजणीत भारताचाही हातभार लागला, हे मुलांस अवश्य सांगावे.

प्रात्यक्षिक २. वाटीच्या तळाशी नाणे ठेवावे. मुलाने इतके मागे सरकावे की वाटीच्या काठाआड नाणे नुकतेच दिसेनासे होईल. डोके न हलविता त्यास तेथेच थांबवून दुसऱ्याने वाटीत हळूहळू पाणी ओतावे. नाणे पुन्हा दिसू लागेल. पाण्यातून हवेत येताना प्रकाश वाकला, म्हणून काठाआडची वस्तू दिसली. शुक्राच्या काठावरून येणाऱ्या रेडिओलहरी अशाच वाकतात. पाण्याच्या जागी तेथे शुक्राची हवा असते.

(४) पहिला प्रयत्न

वेगाने येणारे यान ग्रहाजवळ पोचले म्हणजे आपोआप त्याच्याभोवती फिरू लागते, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः तसे नाही. उतारावरून आलेल्या सायकलस्वाराने ब्रेक लावला नाही, तर वळण चुकून तो सरळ पुढे जातो. अवकाशात घासण्यास रस्ता नाही. म्हणून यानाला आपल्या गतीच्या दिशेने वायूचा झोत सोडून वेग कमी करावा लागतो.

प्रात्यक्षिक ३. फुगा फुगवून तोंड न बांधता सोडून द्यावा. हवा ज्या दिशेस बाहेर पडते त्याच्या उलट दिशेस फुगा जातो. आता असाच झोत धावत्या वस्तूच्या पुढच्या बाजूने निघाला तर काय होईल, असे विचारावे. 'वेग कमी होईल' हे उत्तर मुलांकडूनच यावे.

७ डिसेंबर २०१० रोजी अकात्सुकी शुक्राजवळ पोचले. मुख्य एंजिन सुमारे बारा मिनिटे चालावयाचे होते. ते दोन मिनिटे अडतीस सेकंदांनंतर बंद पडले. यानाचा वेग पुरेसा कमी झाला नाही आणि ते शुक्राला ओलांडून सूर्याभोवतीच्या मार्गावर निघून गेले.

दोष कोठे झाला याची तपासणी यानाने पाठविलेल्या नोंदींवरून करण्यात आली. यानाच्या टाकीतील इंधन हेलियम वायूच्या दाबाने एंजिनाकडे ढकलले जाते. शेतातील फवारणीचा पंप मुलांच्या परिचयाचा आहे. त्यात कोंडलेल्या हवेचा दाब औषधास बाहेर लोटतो, आणि हवेची वाट तुंबली तर फवारा मंदावतो. येथेही तसेच झाले. हेलियमच्या वाटेवरील एका झडपेत इंधनाची वाफ व ज्वलनास लागणाऱ्या प्राणपूरक द्रवाची वाफ एकत्र येऊन क्षार साचला व झडप नीट उघडेना. इंधन कमी पडले, मिश्रणाचे प्रमाण बिघडले, ज्वाला प्रमाणाबाहेर तप्त झाली आणि एंजिनाच्या तोंडाशी असलेल्या भागास इजा पोचली. एका लहानशा झडपेतील क्षाराने ही सारी हानी केली.

(५) पाच वर्षांचा हिशेब

येथे पाठ थोडा थांबवून मुलांस विचारावे : 'एंजिन मोडले आहे, यान कोट्यवधी किलोमीटर दूर आहे, तेथे जाऊन कोणी दुरुस्ती करू शकत नाही. आता काय करता येईल?' मुलांची सर्व उत्तरे फळ्यावर घ्यावीत, कोणतेही उत्तर हसण्यावारी नेऊ नये. त्यानंतर प्रत्यक्षात काय केले गेले ते सांगावे.

प्रथम, काय शिल्लक आहे याची मोजदाद झाली. सप्टेंबर २०११ मध्ये मुख्य एंजिन चाचणीसाठी पेटविले असता त्याचा जोर अपेक्षेच्या सुमारे नवव्या हिश्श्याइतकाच भरला. त्यावर विसंबणे शक्य नव्हते. परंतु यानाचे तोंड वळविण्यासाठी बसविलेली लहान एंजिने शाबूत होती. ती अशा कामासाठी केलेली नव्हती. त्यांतील चार एकत्र चालविली तरी जोर मूळ एंजिनाच्या पाचव्या हिश्श्याहून कमी.

दुसरे, ओझे हलके केले गेले. लहान एंजिनांना केवळ इंधन लागते, प्राणपूरक द्रव लागत नाही. तेव्हा ऑक्टोबर २०११ मध्ये सुमारे ६५ किलोग्रॅम द्रव अवकाशात सोडून देण्यात आला. गाडीचा एक बैल बसला म्हणजे गाडीवान जे करतो तेच हे.

तिसरे, पुन्हा भेट केव्हा होईल याचा हिशेब मांडून नोव्हेंबर २०११ मध्ये यानाचा मार्ग थोडा बदलण्यात आला. हा हिशेब सातवीच्या मुलांस लघुत्तम साधारण विभाज्याच्या उदाहरणाप्रमाणे घालता येतो. स्थूलमानाने यान २०० दिवसांत व शुक्र २२५ दिवसांत सूर्याभोवती एक फेरी करतो. दोघे एका जागेवरून निघाले, तर पुन्हा तेथेच केव्हा भेटतील?

२०० = २ × २ × २ × ५ × ५
२२५ = ३ × ३ × ५ × ५
ल. सा. वि. = १,८००

१,८०० दिवसांत यानाच्या ९ व शुक्राच्या ८ फेऱ्या होतात. १,८०० दिवस म्हणजे पाच वर्षांस थोडे कमी. प्रत्यक्षातील आकडे याहून सूक्ष्म होते व दोघांच्या वाटाही तंतोतंत एक नव्हत्या, तथापि हिशेबाचे मर्म हेच. ल. सा. वि. कशासाठी शिकावयाचा, असे विचारणाऱ्या मुलास याहून चांगले उत्तर सापडणे कठीण.

या काळात यान आपल्या मार्गावर सूर्याच्या ठरल्यापेक्षा अधिक जवळ जात असे. शुक्राजवळ त्याला जी उष्णता सोसावी लागली असती तिच्या सव्वापटीहून अधिक उष्णता ते दर फेरीस सोशीत होते. त्याची उपकरणे पुढे काम देतील की नाही, याची शाश्वती कोणासही नव्हती.

(६) दुसरा प्रयत्न

७ डिसेंबर २०१५ रोजी, पहिल्या अपयशास बरोबर पाच वर्षे झाली त्या दिवशी, चार लहान एंजिने सुमारे वीस मिनिटे चालविण्यात आली. यान शुक्राभोवती फिरू लागले. दुसऱ्या ग्रहाभोवती यान स्थिर करण्यात जपानला आलेले हे पहिलेच यश होते. मंगळाकडे पाठविलेले त्यांचे 'नोझोमी' यान २००३ मध्ये अयशस्वी झाले होते.

हे यश पूर्ण नव्हते, हेही सांगितले पाहिजे. मूळ योजनेत यान तीस तासांत शुक्राभोवती एक फेरी करणार होते. प्रत्यक्षात ती फेरी आरंभी सुमारे साडेतेरा दिवसांची, व पुढे मार्ग थोडा आवळल्यावर सुमारे दहा-अकरा दिवसांची झाली. यान बराच काळ शुक्रापासून फार दूर असे, त्यामुळे बारीक तपशील कमी दिसत. परंतु दुरून संपूर्ण ग्रह सलग दिवसेंदिवस दृष्टीसमोर राहतो, हा लाभही झाला. मिळालेल्या कक्षेनुसार निरीक्षणाची योजना नव्याने आखण्यात आली.

(७) काय आढळले

यान कक्षेत शिरले त्याच दिवशी उष्णता मोजणाऱ्या कॅमेऱ्याने एक अनपेक्षित आकृती टिपली. ढगांच्या माथ्यावर उत्तरेकडून दक्षिणेकडे सुमारे १०,००० किलोमीटर लांबीची धनुष्याकृती पट्टी दिसली. तिची लांबीच शुक्राच्या व्यासाशी तुलना करण्याजोगी. नवल असे की, ढग तासास चारशे किलोमीटर वेगाने धावत असताना ही पट्टी काही दिवस जागची हलली नाही. तिच्याखाली 'अफ्रोडाइटी' नावाचा विस्तीर्ण उंच प्रदेश होता.

प्रात्यक्षिक ४. मुलांस ओढ्यावर न्यावे. वेगाने वाहणाऱ्या उथळ पाण्यात एक मोठा धोंडा पाण्याखाली बुडेल असा ठेवावा. धोंड्याच्या वर व पुढे पाण्याला उंचवटा येतो. पाण्यावर पान सोडले तर ते त्या उंचवट्यावरून वाहून जाते, पण उंचवटा तेथेच राहतो. पाणी जाते, लाट थांबते. शुक्रावरील डोंगराळ प्रदेश हा धोंडा, त्यावरून वाहणारी हवा हा ओढा, आणि धनुष्याकृती पट्टी ही थांबलेली लाट होय. जमिनीवरील डोंगराची खूण हवेतून वर चढत ६५ किलोमीटर उंचीवरील ढगांपर्यंत पोचते, हे या निरीक्षणाने दिसून आले. पुढे अन्य उंच प्रदेशांवरही अशा लाटा आढळल्या; त्या तेथील दुपार कलल्यानंतरच्या वेळी दिसत.

२०१६ मधील अवरक्त छायाचित्रांवरून ढगांच्या खालच्या व मधल्या थरांत विषुववृत्तालगत वेगवान वाऱ्याचा एक अरुंद प्रवाह असल्याचे आढळले. दुर्दैवाने त्याच वर्षीच्या डिसेंबरात दोन्ही अवरक्त कॅमेऱ्यांचे काम थांबले. उरलेल्या साधनांनी काम चालू राहिले.

मूळ कोड्यासंबंधीचा महत्त्वाचा निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाला. होक्काइदो विद्यापीठाचे ताकेशी होरिनोउची व त्यांचे सहकारी यांनी ढगांच्या खुणांचा मागोवा घेऊन वाऱ्याचे सूक्ष्म मापन केले. सूर्य दिवसाच्या बाजूची हवा तापवितो, रात्रीच्या बाजूची निवते. या तापण्यानिवण्याने हवेत ग्रहव्यापी लाटा उठतात. या लाटा विषुववृत्ताजवळील हवेस सतत पुढे ढकलीत राहतात, असे त्यांना आढळले. झोपाळ्याला दर हेलकाव्यास योग्य वेळी हलका धक्का दिला तर तो थांबत नाही. सूर्याची उष्णता शुक्राच्या हवेस काहीसा असाच धक्का देते. कोड्याचा प्रत्येक धागा यामुळे सुटला असे नव्हे, पण वेग टिकविणारे एक प्रमुख कारण हाती आले.

साडेचार वर्षांच्या आयुष्यासाठी बांधलेले हे यान जवळजवळ चौदा वर्षे कार्य करीत राहिले. एप्रिल २०२४ च्या अखेरीस त्याचा संपर्क तुटला. संपर्क पुन्हा साधण्याचे प्रयत्न निष्फळ झाल्यावर १८ सप्टेंबर २०२५ रोजी मोहीम समाप्त झाल्याचे घोषित करण्यात आले.

फलकलेखन

२०१० मे – यानाचे उड्डाण
२०१० डिसेंबर – पहिला प्रयत्न अयशस्वी
२०११ – तपासणी, चाचणी, ओझे कमी, मार्गात बदल
२०१५ डिसेंबर – शुक्राभोवती प्रवेश. थांबलेल्या लाटेचे दर्शन
२०२० – वाऱ्याचा वेग टिकण्याचे कारण
२०२४ – संपर्क तुटला
२०२५ – मोहीम समाप्त

अध्यापनात घ्यावयाची काळजी

यान शुक्रावर उतरले, असे सांगू नये. ते शुक्राभोवती फिरत होते. शुक्राच्या जमिनीवर गंधकाम्लाचा पाऊस पडतो, असेही म्हणू नये. ते थेंब खालच्या उष्ण हवेत जमिनीस पोचण्यापूर्वीच नाहीसे होतात.

अपयशाचा भाग शिकविताना त्यावर उपदेश करण्याचा मोह टाळावा. 'प्रयत्न करीत राहावे' हे वाक्य मुलांनी अनेकदा ऐकलेले असते. त्याऐवजी झडप, ६५ किलोग्रॅम द्रव व १,८०० दिवसांचा हिशेब एवढे त्यांच्यापुढे नीट मांडावे. नुसती पाच वर्षे वाट पाहून यान परत आले नाही. चूक कोठे झाली याची नोंद होती, ती कोणी लपविली नाही, आणि शिल्लक काय आहे ते मोजून पुढचे गणित मांडले गेले, म्हणून ते आले. हे मुलांस आपोआप कळते. शिक्षकानेही त्यानंतरच्या गणिताच्या तासास एखाद्या मुलाचे चुकलेले उत्तर पुसून न टाकता, कोणत्या पायरीपर्यंत ते बरोबर होते हे त्याच मुलाकडून शोधवून घ्यावे. या पाठाचे खरे उपयोजन तेच होय.

उजळणीचे प्रश्न

१. शुक्र बुधापेक्षा सूर्यापासून दूर असूनही अधिक तप्त का आहे?
२. शुक्राच्या जमिनीचा व ढगांचा वेग किती पटींनी भिन्न आहे, ते हिशेबाने दाखवा.
३. पहिल्या प्रयत्नात एंजिन बंद का पडले? फवारणीच्या पंपाचे उदाहरण देऊन सांगा.
४. दोन धावपटू एका वर्तुळाकार वाटेवर अनुक्रमे ४० व ४५ सेकंदांत एक फेरी करतात. एकत्र निघाल्यावर ते किती सेकंदांनी पुन्हा आरंभस्थानी भेटतील? तोवर प्रत्येकाच्या किती फेऱ्या होतील?
५. ओढ्यातील पाणी पुढे जाते पण उंचवटा जागीच राहतो. शुक्रावर याच्याशी जुळणारी गोष्ट कोणती?

घरचा अभ्यास

शुक्र दर्शनी असेल त्या काळात प्रत्येक मुलाने पंधरा दिवस, रोज त्याच वेळी व त्याच जागेवरून शुक्र पाहावा. एखादे झाड किंवा घराचे आढे खूण म्हणून धरून तो त्यापासून किती बोटे वर किंवा खाली आहे, ते वहीत लिहावे. ढगांमुळे न दिसल्यास 'ढग होते, दिसला नाही' असे लिहावे. तो दिवस गाळू नये किंवा अंदाजाने भरू नये. पंधरा दिवसांनंतर सर्वांच्या वह्या वर्गात ताडून पाहाव्यात.

भारत सरकारने १८ सप्टेंबर २०२४ रोजी शुक्राभोवती फिरणाऱ्या भारतीय यानाच्या मोहिमेस मंजुरी दिली आहे. या पाठानंतर तिची वार्ता कानी येईल तेव्हा तिचा अर्थ मुलांस कळेल. ज्यांच्या वहीत शुक्राची स्वतः केलेली पंधरा दिवसांची नोंद असेल, त्यांना तो अधिकच कळेल. म्हणून त्या वह्या वर्षअखेरीपर्यंत शाळेत जपून ठेवाव्यात.